सह्याद्रीवरचा वारा आणि त्याचे दोन पाठ

साहित्याच्या वर्गात आपण 'पाठभेद' हा शब्द शिकतो. एकाच ग्रंथाच्या दोन हस्तलिखितांत एखादी ओवी वेगवेगळी सापडली, की संपादक दोन्ही प्रती समोर ठेवतो. कोणती प्रत कुणी उतरवली, कशावरून उतरवली, कुठे अक्षर पुसट आहे, हे बघतो आणि मगच निर्णय घेतो. एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे इ.स. १५८४ मध्ये, ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली तेव्हा त्यांच्यापुढे हाच प्रश्न होता. पुण्याच्या भांडारकर संस्थेने महाभारताची चिकित्सक आवृत्ती तयार केली तीही याच वाटेने.

हवामानशास्त्रात हे काम रोज चालतं. तिथे ग्रंथ म्हणजे वारा. त्याची एक प्रत संगणकावरचं मॉडेल लिहितं आणि दुसरी उपग्रह लिहितो. दोन्ही प्रती अपुऱ्या असतात आणि मूळ संहिता कुणाच्याच हातात नसते. जिथे डोंगर आडवा येतो तिथे या दोन प्रतींत सगळ्यात जास्त पाठभेद सापडतात. आपल्यासाठी हा डोंगर म्हणजे सह्याद्री. या लेखात मी हे दोन पाठ कसे तयार होतात, ते कसे ताडून बघतात आणि त्यातून काय कळतं, एवढंच मांडणार आहे.

विषय माझ्या अभ्यासक्रमाबाहेरचा आहे, पण माझ्या गावाबाहेरचा नाही. मी राजेश्वरची. बसवकल्याण आणि हुमनाबादच्या मध्ये, सोलापूर–हैदराबाद हायवेवरचं हे गाव. सह्याद्रीच्या माथ्यापासून सरळ रेषेत पूर्वेला सव्वातीनशे ते साडेतीनशे किलोमीटर. मिरग निघाला की आमच्याकडे पश्चिमेचं वारं सुटतं, ढग येतात, आणि पुष्कळदा नुसतेच डोक्यावरून पळत जातात. तूर, सोयाबीन, उडीद, मूग कधी पेरायचं हे त्या पळणाऱ्या ढगांकडे बघून ठरवावं लागतं. अंदाज चुकला तर दुबार पेरणी. म्हणजे बियाणं, खत आणि मजुरी पुन्हा एकदा.

डोंगर वाऱ्याचं काय करतो?

चार गोष्टी करतो.

पहिली, त्याला चढवतो. हवा एक किलोमीटर वर गेली की कोरडी असताना सुमारे १० अंश सेल्सिअसने थंड होते. ढग बनायला लागला की वाफेतली उष्णता बाहेर पडते आणि थंड होण्याचा वेग कमी होतो. अरबी समुद्रावरून आलेली ओली हवा घाट चढते म्हणून महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो. घाट उतरून वाईला आलं की तोच आकडा हजाराच्या आत येतो.

दुसरी, त्याला अडवतो. वारा मंद असेल, हवा जड आणि स्थिर असेल, तर ती डोंगरावर चढायला तयार होत नाही. ती पायथ्याशी साचते किंवा बाजूने वळते. मग मागून येणारा वारा डोंगराला पोचायच्या आधीच, या साचलेल्या हवेवरून चढायला लागतो. किनाऱ्यावर आणि कधी कधी समुद्रावरही जोरदार पाऊस होतो, त्यामागे हेही एक कारण सांगितलं जातं.

तिसरी, त्याला खिंडीतून पिळतो. पश्चिम घाटात सगळ्यात मोठी फट म्हणजे केरळ–तमिळनाडू सीमेवरची पालघाटची खिंड, सुमारे ३० किलोमीटर रुंद. वारा तिच्यातून कोइमतूरकडे घुसतो. आणखी दक्षिणेला आरलवायमोळीच्या खिंडीपाशी, मुप्पंदळला, पवनचक्क्यांचं रान उभं आहे ते याच पिळलेल्या वाऱ्यावर. सातारा जिल्ह्यातल्या वनकुसवडे पठारावरच्या पवनचक्क्यांची गोष्ट थोडी वेगळी. तिथे खिंड नाही. पठाराच्या उंचीवरचा मोकळा वारा त्यांना मिळतो.

चौथी, त्याला उतरवतो आणि हेलकावे देतो. उतरणारी हवा तापते आणि कोरडी होते. हाच आपला पर्जन्यछायेचा प्रदेश. शिवाय ओढ्यातल्या दगडामागे पाण्यावर लाटा उठतात तशा डोंगरामागे हवेत लाटा उठतात. याचं गणित सोपं आहे. नेहमीच्या स्थिर हवेचा थर वर ढकलून सोडला, तर तो साधारण साडेदहा मिनिटांत एक हेलकावा पुरा करतो. तेवढ्या वेळात सेकंदाला १५ मीटरचा वारा सुमारे साडेनऊ किलोमीटर पुढे जातो. म्हणून दोन लाटांमधलं अंतर साडेनऊ किलोमीटर. लाटेच्या माथ्यावर ढग बनतो, तळात विरतो, आणि वरून बघणाऱ्याला आकाशात पट्टे दिसतात. १९६० नंतर टायरोस मालिकेच्या पहिल्या हवामान उपग्रहांनी असे पट्टे टिपले. शास्त्रज्ञांनी पट्ट्यांमधलं अंतर मोजून उलटं गणित मांडलं आणि वाऱ्याचा वेग काढला. वारा दिसत नाही, पण त्याची अक्षरं दिसतात, ती अशी.

पहिली प्रत : मॉडेल

या वाऱ्याचा अभ्यास आपल्याकडे उपग्रहांच्या आधीच सुरू झाला होता. १९६६ मध्ये पी. व्ही. जोसेफ आणि पी. एल. रामन यांनी फुग्यांच्या नोंदींवरून दाखवलं, की जुलैत भारतीय द्वीपकल्पावर सुमारे दीड किलोमीटर उंचीवर पश्चिमेच्या वाऱ्याचा एक वेगवान पट्टा असतो. सह्याद्रीचा माथा सरासरी एक किलोमीटरच्या आसपास. म्हणजे हा झोत डोंगराच्या जेमतेम डोक्यावरून जातो. १९६९ मध्ये जॉन फिंडलेटर यांनी याच झोताचा माग आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यापर्यंत नेला. तिथेही पूर्व आफ्रिकेचे उंच डोंगर भिंतीसारखे उभे राहून वाऱ्याला उत्तरेकडे वळवतात. आपल्या पावसाळ्याचा वारा निघतो तोही एका डोंगराच्या कडेने आणि अडतो तोही डोंगराला.

१९६६ मध्येच आर. पी. सरकार यांनी डोंगरी पावसाचं एक गणिती मॉडेल प्रसिद्ध केलं. मुंबई ते पुणे या रेषेवर डोंगराचा उभा छेद घ्यायचा, त्यावरून वारा कसा चढेल ते समीकरणांनी काढायचं, त्यातून पाऊस किती पडेल ते मोजायचं आणि प्रत्यक्ष पर्जन्यमापकांशी ताडून बघायचं, अशी ती रीत. आजची मॉडेलं कितीतरी मोठी आहेत, पण हिशेबाचा गाभा तोच आहे.

आजचं मॉडेल पृथ्वीवर जाळी टाकतं आणि प्रत्येक घरात वारा, तापमान, दमटपणा यांचा एकेक आकडा ठेवतं. खरी गोम या घराच्या आकारात आहे. समजा जाळीचं एक घर १२ किलोमीटरचं आहे आणि त्यात दर तीन किलोमीटरवर जमिनीची उंची ५०, १००, ७०० आणि १२०० मीटर आहे. हे आकडे मी सोयीसाठी घेतले आहेत, पण कोकणातून घाटमाथ्यावर जाताना चित्र असंच असतं. सरासरी काढली तर सुमारे ५१२ मीटर. म्हणजे मॉडेलच्या प्रतीत १२०० मीटरचा कडा उरलाच नाही, त्याजागी ५१२ मीटरचं पठार आलं. मॉडेलमधला वारा त्या बुटक्या डोंगरावर कमी चढणार, घाटावर कमी पाऊस टाकणार आणि उरलेला ओलावा पूर्वेकडे नेणार.

वर आणखी एक अंगठेनियम आहे. जाळीवर एखादी रचना खरीखुरी उमटायला तिची रुंदी निदान सहा-सात घरांएवढी लागते. पालघाटची खिंड १२ किलोमीटरच्या जाळीत अडीच घरांत संपते. डोंगरामागची साडेनऊ किलोमीटरची लाट तर एका घरातही मावत नाही म्हणजे ती दिसतच नाही. म्हणून जाळी बारीक करण्याची धडपड चालू असते. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेने तयार केलेली ६ किलोमीटर जाळीची 'भारत फोरकास्ट सिस्टिम' २६ मे २०२५ रोजी राष्ट्राला अर्पण झाली. त्याआधी आपलं जागतिक मॉडेल १२ किलोमीटरवर चालायचं. सहा किलोमीटरवर पालघाटला पाच घरं मिळतात. सुधारणा मोठी आहे, पण लाट अजूनही जाळीतून निसटतेच.

दुसरी प्रत : उपग्रह

उपग्रह 'प्रत्यक्ष बघतो', त्यामुळे त्याचंच खरं, असं आपल्याला वाटतं. पण तोही वारा बघत नाही, खुणा वाचतो.

समुद्रावरच्या वाऱ्यासाठी स्कॅटरोमीटर नावाचं उपकरण असतं. ते समुद्रावर सूक्ष्मलहरी सोडतं आणि परत आलेला भाग मोजतं. वाऱ्याने पाण्यावर बारीक तरंग उठले की परतणारी लहर बदलते. त्यावरून समुद्रापासून १० मीटर उंचीवरच्या वाऱ्याचा वेग आणि दिशा काढतात. अमेरिकेच्या क्विकस्कॅटने १९९९ ते २००९ हे काम केलं. आपल्या इस्रोने २००९ मध्ये ओशनसॅट-२, २६ सप्टेंबर २०१६ ला स्कॅटसॅट-१ आणि २६ नोव्हेंबर २०२२ ला ओशनसॅट-३ सोडला.

या प्रतीच्या मर्यादा अशा. जमिनीवर ती कोरी असते, कारण जमिनीवर तरंग उठत नाहीत. किनाऱ्यालगतच्या पट्ट्यात जमिनीचा परतावा मिसळून अक्षर बिघडतं. जोराचा पाऊस असेल तर थेंबच लहर परतवतात. म्हणजे ऐन पावसाळ्यात, ऐन कोकण किनाऱ्यावर, जिथे आपल्याला सगळ्यात जास्त वाचायचं असतं, तिथेच पान ओलं झालेलं!

जमिनीवर दुसरा मार्ग आहे. इन्सॅट-३डीआर आणि इन्सॅट-३डीएस हे उपग्रह थोड्या थोड्या वेळाने छायाचित्रं घेतात. एकच ढग दोन चित्रांत किती सरकला यावरून वाऱ्याचा वेग निघतो. अडचण उंचीची. ढग दीड किलोमीटरवर होता की तीन, हे चुकलं तर बरोबर वेग चुकीच्या मजल्यावर लिहिला जातो. शिवाय डोंगरावरचा ढग पुष्कळदा जागचा हलतच नाही. वारा त्यातून वाहतो, पण ढग माथ्याला चिकटून बसतो. सरकलेलं अंतर शून्य, म्हणून वारा शून्य म्हणायचं का? तिसरा मार्ग युरोपच्या एओलस उपग्रहाने दाखवला. २०१८ ते २०२३ या काळात त्याने लेझर किरण सोडून वेगवेगळ्या उंचीवरचा वारा मोजला. पण दाट ढगांपलीकडे लेझर जात नाही.

ताडून बघायचं कसं?

इथे मला संपादकाची शिस्त आठवते. दोन प्रतींतल्या ओळी जुळवायच्या तर आधी तोच अध्याय, तीच ओवी हवी. तसंच इथे तीन गोष्टी जुळाव्या लागतात. वेळ : उपग्रह ज्या घटकेला वरून गेला त्याच घटकेचा मॉडेलचा वारा. उंची : स्कॅटरोमीटरचा १० मीटर, तर मॉडेलचाही १० मीटर. आकार : उपग्रहाचा ठसा २५ किलोमीटरचा आणि मॉडेलचं घर ६ किलोमीटरचं असेल, तर आधी मॉडेलच्या घरांची सरासरी काढून मग तुलना.

मग वजाबाकी. चार जागी मॉडेलने सेकंदाला ८, १०, १२, १४ मीटर सांगितले आणि उपग्रहाने ९, १२, १२, १७, असं धरू. फरक उणे १, उणे २, शून्य, उणे ३. सरासरी फरक उणे दीड, म्हणजे मॉडेल वारा कमी दाखवतं. पण नुसत्या सरासरीवर थांबता येत नाही. एका जागी ३ जास्त आणि दुसऱ्या जागी ३ कमी असेल तर सरासरी शून्य येते, आणि दोन्हीकडे चूक असूनही मॉडेल निर्दोष दिसतं. म्हणून फरकांचे वर्ग करून, त्यांची सरासरी काढून, वर्गमूळ घेतात. वरच्या उदाहरणात ते सुमारे १.९ येतं. दिशेचीही एक मजा आहे. ३५० अंश आणि १० अंश यांत फरक ३४०चा नाही, २०चाच, कारण दोन्ही उत्तरेच्या अल्याडपल्याड आहेत.

दोन सापळे इथे लक्षात ठेवायला हवेत. एक, बारीक जाळीच्या मॉडेलने वाऱ्याचा जोरदार पट्टा अगदी बरोबर दाखवला पण दहा किलोमीटर बाजूला, तर त्याला दोनदा शिक्षा होते : जिथे दाखवला तिथे नाही म्हणून, आणि जिथे आहे तिथे दाखवला नाही म्हणून. ढोबळ मॉडेल काहीच न दाखवता एकदाच चुकतं आणि कागदावर सरस ठरतं.

दुसरा सापळा जास्त खोल आहे. दोन प्रती स्वतंत्र नसतात. स्कॅटरोमीटरच्या एकाच मोजणीतून वाऱ्याच्या दोन-चार दिशा निघू शकतात. त्यांतली कोणती घ्यायची हे ठरवताना बहुधा मॉडेलचाच आधार घेतात. उलट, मॉडेल सुरू करताना उपग्रहाच्या नोंदी त्यात भरतात. म्हणजे दोन लेखनिक एकमेकांच्या वहीत डोकावून लिहीत असतात. दोघांची एक चूक जुळली तर तिला साक्ष म्हणायचं नाही. म्हणून नीट परीक्षा घ्यायची तर काही नोंदी मॉडेलपासून बाजूला ठेवाव्या लागतात, आणि जहाजं, तरंगते बॉय, फुगे, जमिनीवरची केंद्रं यांची तिसरी साक्ष काढावी लागते.

पाठभेदाने काय शिकवलं?

२००१ मध्ये शांग-पिंग शिये आणि सहकाऱ्यांनी हवाई बेटांबद्दल एक निबंध प्रसिद्ध केला. बेटांवरचे उंच डोंगर वाऱ्याला अडवतात आणि त्यांच्यामागे वाऱ्याची सावली पडते. ती काहीशे किलोमीटरांत विरावी अशी अपेक्षा होती. उपग्रहांच्या नोंदींत तिचा माग सुमारे तीन हजार किलोमीटर पश्चिमेपर्यंत सापडला. डोंगराने वारा बदलला, वाऱ्याने समुद्राचे प्रवाह आणि तापमान बदललं, आणि त्याने पुन्हा वारा बदलला.

२००६ मध्ये त्यांच्याच गटाने आशियातल्या अरुंद डोंगरांवर लिहिलं. त्यात आपला पश्चिम घाट होता, म्यानमारची आराकान रांगही होती. टीआरएमएम उपग्रहाच्या रडारने पाऊस या अरुंद रांगांच्या वाऱ्याकडच्या बाजूला घट्ट बांधलेला दाखवला. त्या काळच्या ढोबळ जाळीच्या मॉडेलांना या रांगा नीट दिसतच नव्हत्या. त्यांचा मुद्दा असा, की हे डोंगर फक्त आपल्या पायथ्याचा पाऊस ठरवत नाहीत, त्यांचा परिणाम साऱ्या मोसमी पावसाच्या रचनेपर्यंत जातो.

सह्याद्री म्हणजे हवाई नव्हे. आमच्या मागे समुद्र नाही, दख्खनचं पठार आहे, आणि आमच्या पावसात बंगालच्या उपसागरातल्या कमी दाबाच्या क्षेत्रांचाही मोठा वाटा असतो. तरीही हिशेब करून बघा. सेकंदाला १२ मीटरने वाहणारा वारा घाटमाथ्यावरून राजेश्वरपर्यंत सुमारे आठ तासांत येतो. मॉडेलने सकाळी घाट बुटका केला, तर त्याने जास्तीचा सोडलेला ओलावा संध्याकाळी आमच्या शिवारावर कागदोपत्री पोचलेला असतो. चूक घाटात होते, तिचे पैसे पेरणी करणारा भरतो.

शेवटची प्रत : भाषा

आता आपल्या विषयाकडे येते. सोलापूर ते जहिराबाद हा हायवेचा सुमारे दोनशे किलोमीटरचा तुकडा घ्या. हवामान खात्याच्या विभागणीत सोलापूर मध्य महाराष्ट्रात, उमरगा मराठवाड्यात, राजेश्वर उत्तर अंतर्गत कर्नाटकात आणि जहिराबाद तेलंगणात. एक रस्ता, एक वारा, चार विभाग, आणि अंदाज मराठी, कन्नड, तेलुगू, इंग्रजीत. आमच्याकडची माणसं मराठी आणि कन्नड दोन्हीतलं ऐकतात, आणि दोन्ही जुळलं नाही की 'यांचं काही खरं नसतं' म्हणून सोडून देतात.

पण त्या अंदाजातले शब्द मोजून ठेवलेले आहेत. 'तुरळक ठिकाणी' म्हणजे त्या विभागातल्या जास्तीत जास्त २५ टक्के केंद्रांवर. 'काही ठिकाणी' म्हणजे २६ ते ५० टक्के. 'बऱ्याच ठिकाणी' म्हणजे ५१ ते ७५. त्यापुढे 'बहुतेक सर्व ठिकाणी'. म्हणून 'तुरळक ठिकाणी जोरदार पाऊस' यात विसंगती काहीच नाही. 'तुरळक' हे जागांबद्दल आहे, थेंबांबद्दल नाही. शेतात उभा असलेला माणूस मात्र 'तुरळक' ऐकून 'थोडासा' समजतो, कारण बोलीत त्याचा अर्थ तोच. मॉडेल आणि उपग्रह यांच्यातला सगळा संशय, सगळी टक्केवारी शेवटी या एका शब्दात येऊन बसते, आणि तिथेच सांडते.

हा शेवटचा पाठभेद दुरुस्त करायला संगणक लागत नाही. पुण्यात आता जाळी सहा किलोमीटरवर आली आहे, पुढे आणखी बारीक होईल. आपल्या वाङ्मय मंडळात मराठी, कन्नड, इंग्रजी तिन्ही वाचणारे आपण बरेच जण आहोत. जून-जुलैचे दोन महिने रोजचा मराठी आणि कन्नड अंदाज एका वहीत शेजारी शेजारी लिहावा, त्यापुढे आपापल्या गावच्या पावसाची नोंद करावी, आणि कोणता शब्द लोकांनी काय समजून घेतला ते विचारून टिपावं, असं मी सुचवते. खर्च एका वहीचा. दोन महिन्यांनी आपल्या हाती तीन रकान्यांची एक छोटी चिकित्सक आवृत्ती असेल, आणि पुढच्या मिरगात निदान आपल्या घरच्यांना तरी 'तुरळक' म्हणजे काय ते नीट सांगता येईल.